आठवा वाटा

ताई,

मी बार्शीची. बी.कॉम.नंतर मुंबईत नोकरी लागली. ऑफिस लोअर परळला, राहते दादरला पीजीत. हातात अडतीस हजार येतात. त्यातले चौदा पीजीचे, दहा घरी पाठवते. आमच्या टीममध्ये आठ जण आहेत. शुक्रवारी ऑफिस सुटलं की कुठेतरी ‘बसायचं’ ठरतं. मी शाकाहारी आहे आणि पीत नाही. अजून एक जण गाडी चालवायची असते म्हणून पीत नाही, पण तोही गप्पच असतो. बिल आलं की आमच्यातला एक जण मोबाइल काढून भागिले आठ करतो, आणि आम्ही लिफ्टपर्यंत पोचायच्या आत सगळ्यांना पैशांची रिक्वेस्ट गेलेली असते. गेल्या वेळी माणशी २,१८१ रुपये आले. बिलाचा फोटो जोडते. मी पास्ता आणि लाइम सोडा घेतला होता. महिन्यातून तीनदा असं झालं की साडेसहा हजार जातात. नाही म्हणावं तर एकटी पडेन अशी भीती वाटते, इथे माझं दुसरं कोणी नाही. मेन्यूतली निम्मी नावं कळत नाहीत म्हणून दर वेळी पास्ताच मागवते. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे आणि आत्तापासून ‘पार्टी कुठे?’ सुरू झालंय. आई म्हणते, जाऊच नको त्यांच्याबरोबर. काय करू? आणि उरलेलं बांधून मागितलं तर वाईट दिसतं का?

– अकाउंट्सवाली, दादर

*

अगं अकाउंट्सवाली,

दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासतेस आणि शुक्रवारी रात्री स्वतःचं बिल न बघता पैसे पाठवून मोकळी होतेस! फोटो जोडलास ते फार बरं केलंस. आधी तोच वाचू.

खाणं ७,८०० रुपयांचं. दारू ७,००० ची. दोन्हींच्या बेरजेवर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, १,४८०. खाणं आणि सर्व्हिस चार्ज मिळून जो आकडा होतो त्यावर पाच टक्के जीएसटी, ४६४. दारूला जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, तो ७००. एकूण १७,४४४. भागिले आठ, म्हणजे तुझे ते २,१८१.

आता तू काय खाल्लंस ते बघ. पास्ता ५४५, लाइम सोडा २२५. शाकाहारी स्टार्टरच्या दोन प्लेटा ९६० च्या, त्यातला तुझा आठवा हिस्सा १२०. झाले ८९०. सर्व्हिस चार्ज सोडला (त्याचं पुढे सांगते), तर जीएसटी धरूनही ९३५ च्या पुढे जात नाही. वरचे साडेबाराशे रुपये तू दुसऱ्यांच्या ग्लासात ओतून आलीस. महिन्यातून तीनदा.

पण म्हणून पुढच्या शुक्रवारी पास्त्याचे ५४५ वेगळे काढत बसू नकोस. कोणी चिकन घेतलं, कोणी दोन रोट्या जास्त खाल्ल्या, असला हिशेब टेबलावर निघाला की जेवणाची मजा जाते आणि मग खरंच कोणी बोलवत नाही. खाण्याचं बिल सरसकट आठांत वाटलं जाऊ दे. दारूचं तेवढं पिणाऱ्यांनी बघावं. ७,८०० चे आठ वाटे केले तर जीएसटी धरून माणशी १,०२४ होतात. म्हणजे तू खाल्लंस त्यापेक्षा नव्वदेक रुपये जास्त. तेवढे संगतीचे म्हणून सोडून दे. एवढ्याने तुझा शुक्रवार निम्म्यावर येतो आणि कोणाला वाईटही वाटत नाही.

हे करणं वाटतं तितकं अवघड नाही. खाण्याचा आणि दारूचा कर वेगवेगळा, त्यामुळे कितीतरी ठिकाणी मशीनमधून दोन बिलं निघतातच, फक्त वेटर दोन्ही एकाच फोल्डरमध्ये घालून आणून देतो. पहिली ऑर्डर देतानाच त्याला म्हणायचं, ‘फूडचं आणि लिकरचं बिल वेगळं काढा.’ त्याला यात काही नवल वाटत नाही, रोज कोणीतरी सांगत असतं.

नवल वाटलंच तर ते तुझ्या टेबलावरच्यांना वाटेल. तिथे वेळ साधायला हवी. बिल येऊन पडल्यावर तोंड उघडलंस तर तू कंजूस ठरणार, कितीही गोड बोललीस तरी. तेव्हा सगळे उठायच्या तयारीत असतात, कोणाला लोकल गाठायची असते, आणि हिशेब हा शब्दच कोणाला ऐकायचा नसतो. म्हणून गुरुवारी संध्याकाळी, जागा ठरत असतानाच, तुमच्या ग्रुपवर एक ओळ टाक: ‘उद्या मी येतेय. दारूचं बिल वेगळं करूया का? मी घेत नाही, मला जरा जड जातं.’ तुमच्यात जी हिंदी-इंग्रजीची खिचडी चालत असेल तीत लिही. माफी मागू नकोस, घरी पैसे पाठवते वगैरे कारणं देऊ नकोस, हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावू नकोस. तुझा पगार कुठे जातो हे त्यांना कळायची गरज नाही.

ही ओळ टाकण्याआधी त्या गाडीवाल्याशी बोल. त्याचेही दर शुक्रवारी हजार-बाराशे जाताहेत आणि तोही तुझ्यासारखाच गप्प बसतोय. तू लिहिलंस आणि त्याने खाली ‘मी पण’ म्हटलं की विषय तिथेच मिटतो. आठांत दोघं असली की ती तक्रार राहत नाही, ती पद्धत होते. आणि एक कर. भागिले आठ करणारा मोबाइल आता तुझा असू दे. ‘आण, मी करते, माझं रोजचंच काम आहे’ म्हणून बिल हातात घे. कोणी नाही म्हणणार नाही, उलट त्याला सुटल्यासारखं वाटेल. ज्याच्या हातात बिल असतं तोच वाटे कसे पडायचे ते ठरवतो. आजवर ते ठरवलं गेलं ते वाईट हेतूने नव्हे, निव्वळ आळसाने.

आता तो सर्व्हिस चार्ज. हा सरकारचा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने तो आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने लावू नये, ग्राहकावर सक्ती करू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. संघटना पुढे अपिलात गेल्या. तरीही बिलात तो दिसतोच, कारण शंभरातले नव्वद लोक बघत नाहीत. ‘सर्व्हिस चार्ज काढून द्या’ एवढं म्हटलं की बहुतेक मॅनेजर मुकाट्याने नवं बिल आणून देतात. अडून बसले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण सहकाऱ्यांसमोर मॅनेजरशी वाजवत बसू नकोस. काउंटरवर जाऊन हळू आवाजात सांग, किंवा तुमच्यातल्या सीनियरला सांगायला लाव. आपला मुद्दा बरोबर असला म्हणजे तो ओरडूनच मांडावा असं थोडंच आहे?

चार्ज काढलात तर वेटरसाठी काहीतरी ठेवा, आणि रोख ठेवा. तीन तास तुमच्या आठ जणांच्या ‘एक्स्ट्रा प्लेट’, ‘अजून बर्फ’, ‘हे बदलून द्या’ला धावणारा मुलगा तुझ्यासारखाच गाव सोडून इथे आलेला असतो, आणि तोही पाच-सहा जणांत खोली करून राहतो. सर्व्हिस चार्जचे १,४८० वाचवून त्याच्या हातावर वीस रुपये टेकवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

करांबद्दल तुला सांगायला नको, पण बाकीचे वाचताहेत म्हणून दोन ओळी. साध्या किंवा एसी, कोणत्याही रेस्टॉरंटच्या खाण्यावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी आहे. जिथल्या खोल्यांचं भाडं साडेसात हजारांवर आहे अशा बड्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये अठरा. आणि कोपऱ्यावरचं लहान हॉटेल कॉम्पोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. तसं बिलावर छापलेलं असतं. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून प्यायल्यावर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. ‘बिसलेरी की साधं?’ असं विचारलं की ‘साधं’ म्हणा, झालं.

आता तुझी आई. तिचं ‘जाऊच नको’ मला समजतं, पण पटत नाही. मुंबईत बाहेर जेवणं हे श्रीमंतांचं कौतुक म्हणून सुरू झालेलंच नाही. ज्यांचं इथे घर नव्हतं ते बाहेर जेवत. तुझं ऑफिस ज्या लोअर परळला आहे, तिथे काचेच्या इमारती उठायच्या आधी गिरण्या होत्या. कमला मिल, फिनिक्स मिल ही नावं तू रोज पत्त्यात लिहीत असशील. गिरणीत पाळ्या करणारा, बायकामुलांना कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेला कामगार चाळीतल्या एखाद्या बाईच्या खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचा. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. माटुंग्याची उडुपी बोर्डिंगं काय, इराण्यांची हॉटेलं काय, सगळी एकट्या माणसांच्या जिवावर चालली. चहा-पावावर तासभर बसलं तरी इराणी उठवायचा नाही.

तेव्हा आईला सांग, तू शुक्रवारी पास्त्यासाठी जात नाहीस, माणसांसाठी जातेस. त्यात चुकीचं काही नाही. नव्या शहरातलं पहिलं दुसरं वर्ष फार कोरडं जातं, आणि ‘चल, येतेस का?’ म्हणणारी सात माणसं सहजासहजी मिळत नाहीत. फक्त दर शुक्रवारी जायलाच हवं असं नाही. महिन्याचा आकडा आधी ठरव. तुझ्या पगारात अडीच हजारांच्या वर मी तरी जाऊ देणार नाही. त्यात एक मोठा शुक्रवार आणि एक लहान बसतो. तिसऱ्या शुक्रवारी ‘आज नाही जमत’ म्हण आणि सोमवारी डब्याच्या वेळी त्यांच्यातच जाऊन बस. वारंवार दिसणारं माणूस एका शुक्रवारी दिसलं नाही म्हणून कोणी विसरत नाही. तरीही कोणी विसरलंच, तर ती सोबत बिल भरण्यापुरतीच होती म्हणायची, आणि ते साडेसहा हजार घालवून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. जाताना एवढं मात्र विचारून घे: त्या ठिकाणी कव्हर चार्ज आहे का? काही ठिकाणी शुक्रवार-शनिवारी आत शिरण्याचेच पैसे घेतात आणि ते दारूच्या बिलात वळते करतात. तुझ्यासाठी ते पाण्यातच गेले.

मेन्यूची लाज का वाटावी, हे मला खरंच समजत नाही. त्या अंधाऱ्या उजेडात, क्यूआर कोड स्कॅन करून, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर इटालियन, जपानी आणि मेक्सिकन नावं एकाच वेळी वाचायची. तिथे तुमच्या टेबलावरच्या बाकी सात जणांनाही निम्मं कळत नसतं. ते बिनधास्त ऑर्डर देतात, एवढाच फरक. बुराटा म्हणजे आत साय भरलेलं ताजं मऊ चीज. रिसोटो म्हणजे ओलसर, गिचका भात, आपल्या मऊ खिचडीच्या जवळचा. फलाफल म्हणजे भिजवलेले काबुली चणे वाटून तळलेले वडे. हमस हे त्याच चण्यांचं, तिळाची पेस्ट घालून केलेलं वाटण. एवढी चार कळली तरी पास्त्यातून सुटका होईल. बाकीच्यांसाठी वेटर आहे. त्याला दोन प्रश्न विचारायचे: ‘यात काय असतं?’ आणि ‘हे किती जणांना पुरतं?’ दुसरा प्रश्न जास्त कामाचा. तू शाकाहारी आहेस, तेव्हा तिसराही विचार, ‘यात अंडं किंवा फिश सॉस आहे का?’ थाई आणि व्हिएतनामी पदार्थांच्या सॉसमध्ये मासा असू शकतो, आणि तो नावात दिसत नाही. सूप मोठं वाटलं तर ‘वन बाय टू’, म्हणजे एकाचे दोन वाटे, माग. मुंबईत ते मागायला कोणाला कमीपणा वाटत नाही.

वाढदिवसाचं. ‘पार्टी कुठे?’ याला ‘तुम्हीच सांगा’ असं उत्तर देऊ नकोस, आठवडाभरात तुझ्याकडून बीकेसीतल्या एखाद्या महागड्या ठिकाणचं टेबल बुक झालेलं असेल. बोलावणारी तू, पैसे तू देणार, तर दिवस, वेळ आणि जागा तूच सांगायची. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत तरी मेन्यू पाहुणे ठरवतात का?

माझं ऐकशील तर शनिवारची सकाळ निवड आणि सगळ्यांना माटुंग्याला ने. मध्य रेल्वेचं माटुंगा. दादरहून पुढचंच स्टेशन, उतरून किंग्ज सर्कलच्या बाजूला चालत जायचं. कॅफे मद्रासला रसम वडा, पोडी इडली, नाचणीचा डोसा, अननसाचा शिरा आणि फिल्टर कॉफी मागव. शनिवार-रविवारी तिथे नाव लिहून फुटपाथवर ताटकळावं लागतं, आणि आठ जणांचं एक टेबल मिळणार नाही, चार-चार बसावं लागेल. हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तिथे जाऊन कुरकुर होणार नाही. खरं तर त्या फुटपाथवरच्या अर्ध्या तासात जेवढ्या गप्पा होतील तेवढ्या त्या ढणाढणा वाजणाऱ्या गाण्यांत तुमच्या वर्षभरात झाल्या नसतील. आठ जणांचं पोटभर खाणं साधारण तुझ्या एका शुक्रवारच्या वाट्यात बसावं. जाण्याआधी एकदा एकटीने जाऊन दर बघून ये, इडली खाऊन ये.

विरारचे आणि कल्याणचे लोक सुट्टीच्या सकाळी येणार नाहीत म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. मग ऑफिस सुटल्यावर थाळी. श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून काळबादेवीला आहे. गुजराती थाळी, हवं तेवढं वाढतात, दारूचा प्रश्न नाही. माटुंग्याच्या मानाने बरंच महाग पडेल, पण यजमानासाठी थाळीत एक मोठं सुख आहे: आकडा जेवणाआधीच माहीत असतो. थाळीचा दर गुणिले आठ. कोणी मेन्यू उलटत बसत नाही, कोणी शेवटच्या क्षणी दोन डेझर्टं मागवत नाही, आणि तुझ्या पोटात गोळा येत नाही. ज्यांना सामिष हवंच असेल अशांचा विचार करायचा तर धोबीतलावचं कयानी, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. त्यांनी खिमा पाव खावा, तू ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा घे. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानियाही जुनं आणि नामांकित, १९२३ चं, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण. तुम्ही सुटाल तेव्हा त्यांची शटर ओढलेली असतील.

‘एवढ्यावरच भागवलंस का?’ असं एक जण तरी म्हणेल. प्रत्येक टीममध्ये असा एक असतोच. ‘हो, मला हेच आवडतं’ म्हण आणि त्याच्या पानात अजून एक वडा घाल.

राहिलं उरलेलं बांधून नेण्याचं. अजिबात वाईट दिसत नाही. ज्याचे पैसे दिलेत ते अन्न तुमचं आहे, आणि ‘हे पार्सल करून द्या’ हे वाक्य या शहरात रोज लाखो वेळा उच्चारलं जात असेल. फक्त सगळ्यांच्या प्लेटा उचलल्या जाण्याआधी विचार, ‘कोणी नेतंय का? नाहीतर मी नेते.’ डब्याचे दहा-वीस रुपये काही ठिकाणी वेगळे लावतात. भाताचं काही असेल तर रूमवर पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाक, बाहेर ठेवलेला भात सकाळपर्यंत खाण्याजोगा राहत नाही. आणि डब्यावर नाव लिही. पीजीचा फ्रिज आहे तो, सकाळी रिकामा डबा सापडेल.

– ताई